धक्क्यावरचा माणूस

दि. ९ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारी, जेवणं आटोपल्यावर

प्रिय दादा,

नमस्कार. कसा आहेस, असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. इकडे आम्ही बरे आहोत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, आणि हे त्याच्याहून जास्त कुरकुरतात. धाकटी लेक कॉलेजात जायला लागली, तेव्हापासून घरात आम्हा दोघांना काहीच कळत नाही असं तिचं ठाम मत झालं आहे. म्हणजे सगळं जिथल्या तिथे आहे. आईबद्दल पुढे लिहिते.

आणि तुम्ही दादा नसालच, तर तुम्हालाही नमस्कार. आपली ओळख नाही, चुकीच्या माणसाला त्रास दिला, माफ करा. पण खरं सांगायचं तर ही माफी मागण्यात काही अर्थ नाही, कारण मग तुम्हाला हे अक्षरही लागणार नाही. या पत्राची ही एक मोठी सोय आहे. तुला इथवर वाचता आलं असेल तर तू तूच आहेस, आणि आता तुझी सुटका नाही. बस खाली आणि वाच.

ज्या बाईंनी हा लिफाफा तुझ्या हातात ठेवला त्यांचं मी फार कौतुक करणार नाही, माझा त्यांच्यावर अजून थोडा राग आहे. तुमच्या धक्क्यावर त्या कॅमेरा घेऊन महिनेच्या महिने राहिल्या, जाळी विणणाऱ्या बायकांना त्यांच्या सासवांच्या खोड्यासुद्धा विचारल्या, आणि तुला एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तू मूळचा कुठला. फोनवर मी हे बोलून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, जो आपणहून सांगत नाही त्याला मी विचारत नाही, म्हणून तर लोक मला आपल्यात राहू देतात. पत्ताही दिला नाही. पत्र मात्र स्वतः नेऊन देईन म्हणाल्या, आणि ते वाचणार नाही असंही म्हणाल्या. वाचणार तरी कशा म्हणा.

मी काय करते ते तुला माहीत असायचं कारण नाही. मी आवाज देते. जगभरचे माहितीपट आपल्या भाषेत टीव्हीवर लागतात, त्यातल्या बायका मी बोलते. टायरच्या दुकानावर एक खोली आहे, भिंतींना फोम ठोकलेला, खिडकी कायमची बंद. खाली कोणी चाकावर हातोडा घालायला लागलं की आम्ही वर हात बांधून बसतो. माणसं मिळून दोघं, मी आणि रेकॉर्डिस्ट. तो काचेच्या पलीकडे बसतो आणि दिवसभर पेपरमिंटच्या गोळ्या चघळतो.

आजवर किती बायका झाले सांगू. श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जाणारी झाले. गालिच्याची नक्षी गाण्यात पाठ ठेवणारी झाले. दुसऱ्यांच्या मयताला रडायला जाणारी झाले, तेव्हा घरी येऊन दोन दिवस बोलताच येईना. तुला तिथे बघायला मिळाली तर एक फिल्म जरूर बघ. एक म्हातारा कारागीर भिंतीवरचं जुनं चित्र कापसाच्या बोळ्याने साफ करत असतो. सगळी फिल्मभर त्याची जेमतेम हातभर जागा साफ होते. त्याला विचारतात, कंटाळा येत नाही का. तो म्हणतो, चित्रातली बाई आता माझ्याकडे बघायला लागली आहे, असा कसा उठून जाऊ. आणखी एक आहे मुखवटे करणाऱ्यांची. डोळ्यांची भोकं ते सगळ्यात शेवटी पाडतात, आणि पाडताना समोर कोणाला उभं राहू देत नाहीत. त्या फिल्मला मात्र कोणी तरी इतकं संगीत घातलंय की लाकडाचा आवाजच ऐकू येत नाही. अशा लोकांचे हात बांधून ठेवायला हवेत.

बघ, बाबांसारखीच बोलायला लागले.

बाबांचं लिहायला हवं. तू घर सोडून गेल्यावरही बाबा प्रोजेक्टर घेऊन शाळाशाळांतून फिरत राहिले. तेच पडदे, तीच खोकी, तेच माहितीपट. बाकीच्या मुलांचे बाप त्यांना मारामारीचे सिनेमे दाखवायचे आणि आपल्याला मात्र कुंभाराची चाकं, बर्फातली देवळं आणि मीठ गोळा करणारी माणसं. मला कंटाळा यायचा, तू मात्र डोळ्याची पापणी हलवायचा नाहीस. म्हणून त्या बंदराच्या रिळातला तुकडा तू कापून घेतलास, हे मला तेव्हाही कळलं होतं. दुसऱ्या कोणाच्या घरातल्या मुलाने असली चोरी केलीच नसती. शाळेच्या हॉलमध्ये होडी धक्क्याकडे येता येता एकदम माणसं घरात बसून जेवायलाच लागली, आणि सगळा हॉल हसला. बाबांना तो तुकडा तुझ्या उशीखाली सापडला आणि त्यांनी तुझ्या कानाखाली वाजवली. मिसरूड फुटलेल्या मुलाच्या. सकाळी तू नव्हतास.

तुला माहीत नसलेली गोष्ट अशी की बाबांनी फिल्म परत केली तेव्हा, ही आमच्याकडे तुटलेलीच आली होती, असं कचेरीत सांगितलं. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, त्याचा चेहरा बघून कोणीही ओळखलं असतं. पण ते बोलले. त्यानंतर तुझं नाव घरात कोणी काढलं तर उठून बाहेर जायचे. गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. तुला कळवायचं कुठे हाच प्रश्न होता, बाकी काही नाही.

आता धक्क्याकडे येते.

कोणतीही फिल्म बोलायच्या आधी मी घरी एकदा आवाज बंद करून बघते. तोंडं कशी हलतात ते नीट दिसतं. त्या दिवशी मी मटार सोलत होते. बंदर होतं, जाळी होती, खाऱ्या वाऱ्याने रंग उडालेली दारं होती, आणि धक्क्यावर एक माणूस पाठमोरा उभा राहून दोर गुंडाळत होता. दोर गुंडाळता गुंडाळता त्याने एक पाय उचलला आणि दुसऱ्या पोटरीवर घासला. मग तसाच एका पायावर उभा राहिला. बाबा तुला बगळा म्हणायचे ते याच्यावरून.

माझ्या हातातलं मटारांचं ताट जमिनीवर गेलं. धाकटी आतून ओरडली काय झालं म्हणून, मी म्हटलं काही नाही.

पुढे एक म्हातारी दारातून हाक मारते, आणि तो माणूस वळतो. अर्धाच चेहरा दिसतो. दाढी आहे, डोळ्यावर ऊन आहे, आणि ओठ हलताहेत, कोणाशी बोलत नसतानाही हलताहेत. तू काम करताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायचास, म्हणून तर आईने तुझं नाव भुंग्या ठेवलं. मी आवाज लावून पुन्हा पाहिलं. फक्त वारा होता. मग मी ते इतक्या वेळा पाहिलं की शेवटी तो मला तूही वाटेना आणि दुसरा कोणीही वाटेना.

ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, असू शकतो, नसूही शकतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्याकडून वेगळ्या उत्तराची अपेक्षा मीच ठेवायला नको होती.

आईला दाखवावं की नाही, यावर मी आठवडाभर घरात नुसती फिरत होते. तुला तिची सवय माहीत नाही. तू गेल्यापासून तिने तुझं ताट कधी मांडलं नाही, तुझ्या नावाने रडली नाही, काही नाही. फक्त दाराशी कोणी आलं की हातातलं काम थांबवायची. पुढे उघडायला मीच जायचे, पण ती थांबायची. तिला हे दाखवलं आणि तो तू नसलास तर काय, ही एक भीती. आणि असलास तर, ही त्याहून मोठी.

शेवटी दाखवलं. तिने चष्मा पुसला, जवळ सरकून बसली, पाहिलं. परत लाव म्हणाली. परत लावलं. मग चष्मा काढून मिटला आणि म्हणाली,

"हा आपला नाही."

मी म्हटलं, आई, पाय बघ. ती म्हणाली, पाय काय, कोणाचाही खाजतो. मी म्हटलं, ओठ बघ. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, आपला असता तर त्याने एक ओळ लिहिली असती, लिहिली नाही म्हणजे हा आपला नाहीच. इतकं सरळ गणित घालून ती उठून आत गेली. मला तिचाही राग आला आणि तुझा तर इतका आला की मी पडद्यावरच्या त्या माणसाला तोंडाला येईल ते बोलले. तू नसलास तर बिचाऱ्याने उगाच ऐकून घेतलं.

संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. मान वर न करता विचारलंन, "ती म्हातारी त्याला वेळेवर जेवायला घालते का गं?"

मी सांगितलं, फिल्ममध्ये तसं आहे. ती धक्क्यावरच्या सगळ्यांचंच करते.

"बरं," म्हणाली. नंतर अधूनमधून, जरा ती होड्यांची फिल्म लाव, असं म्हणायची. का, ते मी विचारलं नाही.

आमच्याकडे म्हाताऱ्यांचे आवाज देणाऱ्या एक बाई आहेत. नेमका त्यांचा घसा बसला. फिल्म द्यायची वेळ येऊन ठेपलेली, आणि एकाच प्रसंगात म्हातारी आणि जाळी विणणारी अशा दोघी मीच बोलले तर कोणालाही कळेल, असं रेकॉर्डिस्टचं म्हणणं. मी घरी येऊन करवादत होते तर आई म्हणाली, ती म्हातारी काय बोलते ते मी बोलते. मी हसले. ती हसली नाही. शेवटी रेकॉर्डिस्टला विचारलं, तो म्हणाला, आणा, बघू.

दादा, तू तिला तेव्हा बघायला हवं होतंस. ठेवणीतली साडी नेसून आली. टायरवाल्याने जिन्यातली चाकं बाजूला केली. बूथमध्ये मांडीवर पिशवी घेऊन बसली, कारण पिशवी बाहेर ठेवण्यावर तिचा विश्वास नाही. हेडफोन सारखे घसरत होते. जाळ्याबद्दलची, माशांबद्दलची वाक्यं तिने शाळेतल्या मुलीसारखी एका सुरात वाचली. आमचा एक नियम आहे, समोरच्या माणसाला आधी थोडं बोलू द्यायचं, त्याचा आवाज लोकांच्या कानावर पडला की मग आपण सुरू करायचं. तो नियम तिला शिकवावा लागला नाही. ती म्हातारीला बोलू द्यायची आणि मग हळूच बोलायला लागायची. बायका एकमेकींशी बोलतात तशी.

मग ती हाक आली. कागदावर एवढंच लिहिलं होतं, चल, निवतंय सगळं. आईने कागद बाजूला ठेवला. समोरच्या छोट्या पडद्यावर तो माणूस पाठमोरा दोर गुंडाळत होता. म्हातारीची हाक सुरू झाली, तिला थोडं पुढे जाऊ दिलं, आणि आई म्हणाली,

"भुंग्या. चल रे, निवतंय सगळं."

आणि तो वळला. वळणारच ना, चित्र तेच होतं, मी ते कितीदा तरी पाहिलं होतं. पण दादा, आई बोलली आणि तू वळलास. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचं चघळणं थांबलं.

थोड्या वेळाने तो माइकवरून म्हणाला, छान झालं आजी, पण नाव कागदावर नाहीये, आणखी एकदा घेऊ या. आईने हेडफोन काढून ठेवले.

"आला की तो," म्हणाली. "परत कशाला हाक मारू?"

आणि पिशवी घेऊन बाहेर आली.

माणूस जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नसतं, हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे. म्हणून मी फिल्म करणाऱ्या त्या बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि हाक ऐकवली. त्या म्हणाल्या, म्हातारी तिथे खरंच आधी काही तरी नाव घेते, तिने ठेवलेलं लाडाचं नाव असावं, माझ्या भाषांतरकाराने ते गाळलं. तुम्ही तुमचं राहू द्या. तर तुला तिथेही कोणी तरी काही तरी म्हणतं. काय म्हणतं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

घरी येताना आई बसमध्ये म्हणाली, तो आपला नाही हं, तू उगाच मनात काही धरून बसू नकोस. मी हो म्हटलं. तिने माझा हात धरून ठेवला होता.

इतका वेळ टाळलं, आता लिहिते. आई गेली, दादा. फिल्म टीव्हीवर लागायच्या आधीच गेली. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. मी चहा घेऊन उठवायला गेले होते. त्रास काही झाला नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

मला वाटलं होतं, हे वाक्य लिहून झालं की पत्र संपेल. पण खरं तर त्यानंतरचंच मला कोणाशी बोलता येत नाही. ती फिल्म लोकांना आवडली. सारखी लागते. आमच्या समोरच्या घरात आजोबा टीव्ही मोठ्याने लावतात, त्यांना ऐकू कमी येतं. मी दुपारी ओट्यापाशी असते आणि खिडकीतून आईची हाक येते. भुंग्या, चल रे, निवतंय सगळं. तिचाच आवाज, शेवटी जरासा ओढलेला. पहिल्यांदा मी "आले" म्हणून बाहेर धावत आले. हाक तुझी होती हेसुद्धा विसरले. आता ऐकू आलं की गॅस बारीक करते आणि उभी राहते. धाकटी म्हणते, आजोबांना आवाज कमी करायला सांग ना. मी सांगत नाही. एकदा त्यांनी मध्येच चॅनेल बदललं तर मला त्यांच्या घरी जाऊन भांडावंसं वाटलं.

हे म्हणतात, आवाज आहे, जपून ठेव, लोकांकडे तेवढंही नसतं. बरोबर आहे त्यांचं. पण ती मला काहीच म्हणत नाही ना त्यात. सगळी हाक तुलाच आहे. इतकी वर्षं मी तिच्याजवळ होते, तिची औषधं, तिचे डोळे, तिचे हट्ट, सगळं मी पाहिलं, आणि मागे राहिलं काय, तर तुझं नाव. मला तुझा हेवा वाटतो, लिहून टाकते. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू.

तर आता ऐक. बाई दर वेळी नवीन फिल्म घेऊन परत त्याच गावात जातात, गोदामाच्या भिंतीवर पडदा लावतात आणि लोकांना त्यांचीच फिल्म दाखवतात. मग गंमत म्हणून थोडं थोडं वेगवेगळ्या भाषांत लावतात. लोक आपल्याला परक्या भाषेत बोलताना ऐकून हसतात म्हणे. या वेळी आपल्या भाषेतला जो तुकडा त्या लावणार आहेत, तो कोणता ते मी सांगितलं आहे. त्यांनी कबूलही केलं आहे. पत्र त्या तुला आधी देतील, म्हणजे तू तिथे बेसावध नसशील. जायचं की नाही ते तू ठरव.

त्या आणखी एक गोष्ट करणार होत्या. पडदा बघणाऱ्या लोकांवर त्या दुसरा कॅमेरा लावून ठेवतात, चेहरे टिपायला. मला म्हणाल्या, हवं तर मी त्याच्यावरच ठेवते, हाक आल्यावर त्याचा चेहरा बघाल आणि तुम्हाला कायमचं कळेल. मी लगेच हो म्हटलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून नको म्हणाले.

इतक्या वर्षांत तुला कोणी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. तुझा चेहरा असा लपून टिपायचा, म्हणजे बाबांनी उशी उचलून बघितली त्यात आणि यात फरक तो काय राहिला. आणि आईने तर बघूनही तुला सोडून दिलं होतं. मला तेवढं जमणार नाही, मला कळायला हवंय रे, फार हवंय. पण असं नको.

म्हणून त्या दिवशी कॅमेरा बंद असेल. आजूबाजूला सगळे हसत असतील, त्यांना त्यात फक्त एक परकी भाषा ऐकू येईल. त्या सगळ्या माणसांत ती हाक तुझ्या एकट्याच्या कानात जाईल. तू वळलास तर कोणी बघणार नाही. तेवढ्यापुरता वळ.

तुला दादा म्हणणारी आता एकटीच उरलेली,
तुझी धाकटी बहीण